.४४ मॅग्नम लिव्हर-ॲक्शन रायफलीसाठी अचूक हँडलोड: सुरुवात कुठून करावी?

कोलंबसवासी:

नमस्कार मंडळी,

ओहायो राज्यात २०१४ पासून हरणाच्या शिकारीसाठी सरळ भिंतीच्या काडतुसांच्या (ज्यांचे पितळी नळकांडे, म्हणजे केस, तोंडाशी एकदम अरुंद होत नाही) रायफली वापरण्यास परवानगी आहे. त्या निमित्ताने मी .४४ रेमिंग्टन मॅग्नमची, २० इंची नळीची एक जुनी लिव्हर-ॲक्शन (खालचा दांडा ओढून पुढचे काडतूस भरण्याची) रायफल विकत घेतली. माझ्याकडे याच कॅलिबरचे रिव्हॉल्व्हर पूर्वीपासून असल्यामुळे काडतुसे घरी भरण्याचे साहित्य आणि सवय दोन्ही आहेत. साहजिकच रिव्हॉल्व्हरमध्ये उत्तम चालणारा भार (गोळी आणि पावडर यांची ठरलेली जुळणी) रायफलीतही चालेल, अशी माझी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात तसे झालेले नाही. २४० ग्रेन वजनाची, ०.४३० इंच व्यासाची, शिशाची सेमी-वॉडकटर (चपट्या नाकाची, कडक खांद्याची) गोळी आणि मध्यम वेगाने जळणारी पावडर हा भार रिव्हॉल्व्हरमधून २५ यार्डांवर सुरेख ग्रुप (कागदावरील छिद्रांचा पुंजका) देतो. रायफलीतून मात्र १०० यार्डांवर त्याच काडतुसांचा ग्रुप वीतभर पसरतो. कारखान्यात भरलेली, तांब्याच्या आवरणाच्या २४० ग्रेन गोळीची काडतुसे त्याच रायफलीतून साधारण तीन इंचांत बसतात. म्हणजे रायफल, दुर्बीण आणि माझा नेम यांत फार मोठा दोष नसावा.

आणखी दोन गोष्टी लक्षात आल्या आहेत. लिव्हर ओढताना अधूनमधून काडतूस चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागील काडतूस बसण्याच्या जागेच्या, तोंडाशी अडकते, आणि मॅगझिनमधील शेवटची काडतुसे कधी कधी ग्रुप सोडून वर जातात. शिकारीसाठी १०० यार्डांच्या पलीकडे बार टाकण्याचा माझा विचार नाही, परंतु तेवढ्या अंतरावर तरी काडतुसावर पूर्ण भरवसा ठेवता यावा, अशी इच्छा आहे. पावडर बदलून पाहावी, तिचे वजन थोडे थोडे वाढवत जावे, की गोळीच बदलावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे. कोणत्या कंपनीची रायफल श्रेष्ठ, हा वाद कृपया या धाग्यावर नको.

---

शिसे_आणि_पितळ:

आपण पावडरीला सध्या हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रिव्हॉल्व्हरच्या कॅलिबरमधील लिव्हर-ॲक्शन रायफलीत पहिला प्रश्न नळी आणि गोळी यांच्या मापांचा असतो. तो सुटल्याशिवाय पावडर दशांश ग्रेनने कमी-जास्त करत बसण्यात वेळ आणि प्रायमर (पावडर पेटवणाऱ्या टोप्या) दोन्ही वाया जातात.

एकच काडतूस रायफलीत आणि रिव्हॉल्व्हरमध्ये वापरण्याची चाल जुनी आहे. विंचेस्टरची १८७३ ची रायफल .४४-४० काडतुसासह आली आणि पुढे कोल्टने त्याच काडतुसाचे रिव्हॉल्व्हर काढले. .४४ मॅग्नमचा प्रवास मात्र उलट दिशेने झाला. हे काडतूस १९५५-५६ मध्ये स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरसाठी आले आणि रायफली त्याच्या मागून आल्या. परिणामी दोन्हींच्या नळ्यांची मापे एकसारखी राहिली नाहीत. रिव्हॉल्व्हरच्या नळीत आट्यांच्या (आतील वळणदार खाचांच्या) तळापासून तळापर्यंतचे अंतर साधारण ०.४२९ इंच असते, तर रायफलीच्या नळीसाठी अमेरिकी उद्योगमानकात तेच माप ०.४३१ इंच आहे. जुन्या रायफलीत ते याहूनही किंचित मोठे निघू शकते.

शिशाची गोळी नळीच्या या मापापेक्षा एक ते दोन सहस्रांश इंचांनी मोठी असावी लागते. आपली ०.४३० ची गोळी रिव्हॉल्व्हरमध्ये घट्ट बसते. रायफलीत ती मापापेक्षा लहान ठरते, तिच्या कडेने तप्त वायू पुढे निसटतो, शिसे वितळून आट्यांवर बसते आणि गोळी नळीतून सरळ धरली जात नाही. आवरणाची गोळी पूर्ण दाबाच्या भारात तळाशी थोडी फुगून नळी भरून काढते, म्हणून तिला हा फरक तितकासा जाचत नाही. आपली कारखान्याची काडतुसे तीन इंचांत बसतात, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

खात्री करून घेण्यासाठी नळीचे माप घ्यावे. रायफल रिकामी असल्याची दोनदा तपासणी करून आणि काडतुसे खोलीबाहेर ठेवून, नळीला आतून तेलाचा हात फिरवावा. मऊ, शुद्ध शिशाचा, नळीच्या मापाहून थोडा जाड तुकडा घ्यावा, मासेमारीच्या गळाचे शिसेही चालते, आणि तो लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी तोंडाकडून आत बसवून योग्य जाडीच्या सळईने पूर्ण नळीतून ढकलावा. तुकडा पुढे जाताना एखाद्या ठिकाणी एकदम सैल झाला, तर तेथे नळी आतून रुंद आहे असे समजावे. नळीवर बाहेरून समोरच्या माशीसाठी खाच जिथे कापलेली असते, तिथे असे कधी कधी आढळते. बाहेर आलेल्या तुकड्यावर आट्यांचे ठसे स्पष्ट उमटतात. त्यांतील उंच भागांमधील अंतर मायक्रोमीटरने मोजावे. साध्या कॅलिपरची एक सहस्रांशाची चूक येथे सगळे गणित बिघडवते.

बार टाकून झाल्यावर नळीत शिसे कुठे बसले आहे, हेही पाहावे. चेंबरलगतच्या काही इंचांत करडे पापुद्रे दिसत असतील तर गोळी लहान असल्याचा तो बऱ्यापैकी खात्रीचा पुरावा समजावा. चेंबरकडचा भाग स्वच्छ आणि तोंडाकडचा मळलेला असेल तर गोळीवरील वंगण लांब नळीत अर्ध्यावरच संपत आहे. रिव्हॉल्व्हरच्या चार-सहा इंची नळीसाठी पुरणारे वंगण २० इंचांना पुरेलच असे नाही.

नवी गोळी ०.४३२ इंचांची निवडल्यास आधी प्रायमर आणि पावडर नसलेले एक नकली काडतूस बनवावे आणि ते चेंबरमध्ये सहज जाते का, ते पाहावे. जाड गोळीमुळे पितळी केसचे तोंडही फुगते आणि अरुंद चेंबरमध्ये ते अडू शकते. ते बळाने दाबून बसवण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

---

अंशकोन:

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. त्यात फक्त नळीच्या पिळाची, म्हणजे आटे किती इंचांत एक पूर्ण वळसा घेतात याची, भर घालतो, कारण .४४ मॅग्नमच्या लिव्हर-ॲक्शन रायफलींमध्ये ही गोष्ट फार वेगवेगळी असते. मार्लिनच्या जुन्या १८९४ रायफलीत ३८ इंचांत एक पीळ आहे, रॉसीच्या ९२ मध्ये ३० इंचांत एक आहे, तर अलीकडच्या अनेक रायफलींत २० इंचांत एक आहे. मंद पिळाच्या नळीला लांब गोळी स्थिर ठेवता येत नाही.

इंग्रज गणिती ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये दिलेले ढोबळ सूत्र येथे पुरेसे आहे. गोळीच्या व्यासाचा वर्ग घ्यावा, त्याला १५० ने गुणावे आणि पिळाच्या इंचांनी भागावे. येणारे उत्तर म्हणजे ती नळी जी गोळी स्थिर ठेवू शकेल तिची इंचांतील कमाल लांबी. ०.४३ चा वर्ग साधारण ०.१८५ होतो. त्याला १५० ने गुणल्यास पावणेअठ्ठावीसच्या आसपास येतात आणि ३८ ने भागल्यास उत्तर ०.७३ इंच मिळते. २४० ग्रेनची गोळी साधारण या मर्यादेच्या आसपास असते. ३०० ग्रेनची लांब गोळी ती ओलांडते. तीच ३०० ग्रेनची गोळी २० इंचांत एक पिळाच्या नळीतून निर्धास्त जाते, कारण तेथे मर्यादा १.३९ इंचांवर पोहोचते. सूत्र शिशाच्या गोळीसाठीचे आणि सावध आहे. वेग जास्त असेल तर मर्यादेवरील गोळीही पुष्कळदा सरळ जाते, मात्र मंद वेगाच्या भारात ती डोलू लागते.

पीळ मोजणे सोपे आहे. नळीत घट्ट बसणारी चिंधी फिरत्या मुठीच्या सळईला लावावी, सळईवर वरच्या बाजूला पेनाने खूण करावी आणि सळई हळूहळू आत ढकलावी. आपली नळी २० इंचांची असल्यामुळे पीळ ३८ चा असेल तर खूण पूर्ण फेरी मारण्यापूर्वीच नळी संपते. अशा वेळी खूण पाव फेरी घेऊन बरोबर आडव्या बाजूला येईपर्यंत सळई किती इंच गेली ते मोजावे आणि चौपट करावे. चिंधी घसरत नाही ना, हे पाहण्यासाठी मोजमाप दोन-तीनदा करावे.

कागदावरील छिद्रेही नीट पाहावीत. एका बाजूला काळी कडा असलेली किंवा लांबट छिद्रे दिसली तर गोळी डोलत लक्ष्यावर पोहोचत आहे. अशा गोळीचा पावडर बदलून उपाय होत नाही.

---

दगडी_चाळ_ते_डेन्व्हर:

आता पावडर, क्रिम्प (केसचे तोंड गोळीवर आवळणे) आणि अडकणाऱ्या काडतुसांबद्दल लिहितो. पावडरीचे वजन मात्र येथे लिहिणार नाही. मंचावरून उतरवून घेतलेल्या आकड्याने बार भरणे हा नसता धोका आहे. गोळी किती खोल बसवली, केस कोणत्या कंपनीची, प्रायमर कोणता, यांवर दाब बदलतो, आणि पावडर बनवणाऱ्या किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीने छापलेली आकडेवारी हाच एकमेव आधार समजावा. हॉर्नेडी आणि लायमन यांच्या हस्तपुस्तिकांत .४४ मॅग्नमसाठी रायफलीचा वेगळा विभाग असतो. आपण तो पाहावा.

लांब नळीचा खरा फायदा मंद जळणाऱ्या पावडरीला होतो. रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला १,३०० फुटांच्या आसपास जाणारी २४० ग्रेनची गोळी २० इंची नळीतून सुमारे १,७५० फुटांनी जाऊ शकते. हॉजडनची एच-११० आणि विंचेस्टरची २९६ ही नावे वेगळी असली तरी पावडर एकच आहे. पूर्ण भारात ती फार एकसारखी जळते, परंतु ती छापील किमान भाराखाली उतरवणे सक्त वर्ज्य आहे. कमी दाबात ती नीट पेटत नाही आणि गोळी नळीत अडकू शकते. तसे झाल्याचे लक्षात न येता पुढचा बार टाकला तर नळी फुटते. आवाज नेहमीपेक्षा दबका वाटला की थांबावे, रायफल रिकामी करून नळी आरपार पाहावी आणि मगच पुढे जावे. या पावडरीला मॅग्नम प्रायमर आणि मजबूत क्रिम्प लागतो. शिशाच्या गोळीसह मध्यम वेगाचा भार हवा असेल तर अलायंटची २४०० किंवा आयएमआर ४२२७ अधिक समजूतदार आहेत.

आपली सध्याची मध्यम पावडर केसमध्ये किती जागा व्यापते, हे आपण लिहिलेले नाही. .४४ मॅग्नमची केस मोठी आहे आणि थोडी पावडर तिच्यात सैल हलत राहते. कधी ती प्रायमरजवळ असते, कधी गोळीमागे, आणि प्रत्येक वेळी वेग वेगळा येतो. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे यंत्र) असेल तर एक तपासणी अवश्य करावी. काही बार टाकण्यापूर्वी रायफलीचे तोंड सुरक्षित दिशेत वर करून मग सावकाश नेमावर आणावे, आणि काही बारांपूर्वी तोंड खाली करून तसेच करावे. दोन्ही संचांच्या वेगांत मोठी तफावत आली, तर १०० यार्डांवर ती उभ्या पसरलेल्या ग्रुपच्या रूपाने दिसणारच.

शेवटची काडतुसे वेगळी का जातात, याचे उत्तर बहुधा मॅगझिनमध्ये आहे. नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक रांगेत असतात, पुढच्या बाजूने स्प्रिंग दाबत असते आणि प्रत्येक बाराचा धक्का रांगेला बसत असतो. क्रिम्प कमजोर असेल तर मॅगझिनमध्ये अधिक वेळ राहिलेल्या काडतुसांतील गोळ्या केसमध्ये आत सरकतात, आतील जागा कमी होते आणि दाब वाढतो. तपासणीसाठी मॅगझिन पूर्ण भरावे, काही बार टाकावेत आणि उरलेली काडतुसे बाहेर काढून त्यांची लांबी पूर्वीच्या मापाशी ताडून पाहावी. लांबी किंचितही घटलेली दिसल्यास ती काडतुसे वापरू नयेत. सर्व केस आधी एकाच लांबीच्या कापून घेतल्याशिवाय क्रिम्प एकसारखा बसत नाही, आणि तो गोळीवरील खाचेतच बसला पाहिजे. याच रांगेमुळे टोकदार गोळी वर्ज्य आहे, कारण तिचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकलेले असते. नाक चपटेच हवे.

चेंबरशी अडकण्याचे कारण सेमी-वॉडकटरचा कडक खांदा आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस हाताने बसवले जाते, तिथे खांदा आड येत नाही. लिव्हर-ॲक्शनमध्ये काडतूस तिरपे वर येते आणि तो खांदा चेंबरच्या कडेला धरतो. गोलसर बाजूंची, चपट्या नाकाची गोळी घेतल्यास हा त्रास बहुतेक वेळा जातो. काडतुसाची पूर्ण लांबी १.६१० इंचांच्या आत ठेवावी. त्याहून लांब काडतूस मॅगझिनमधून वर येताना अडते.

एक सूचना या धाग्यावर पुढे येणाऱ्या वाचकांसाठी. १८९२ आणि १८९४ नमुन्यांच्या रायफलींसाठीचे भार १८७३ नमुन्याच्या रायफलीत वापरू नयेत. बाराच्या वेळी चेंबर मागून बंद ठेवणारे तिचे कुलूप जोडसांध्यांचे आहे आणि ते इतका दाब सोसण्यासाठी बनलेलेच नाही.

---

करवीर_नेमबाज:

मी कोल्हापूरचा, पन्नास मीटर प्रोन (पालथे झोपून) आणि दहा मीटर एअर रायफल या प्रकारांत वावरलेला. भारतात परवान्याशिवाय काडतुसे बनवणे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे येथील वाचकांनी वरील माहिती वाचावी, करून पाहू नये. .२२ चे रिमफायर काडतूस तर पुन्हा भरताही येत नाही, आणि म्हणूनच मोठे नेमबाज काडतुसांचे लॉट (एकाच वेळी बनलेल्या काडतुसांचे गट) निवडतात. रायफल शिकंजात धरून एकेका लॉटचे ग्रुप घेतले जातात आणि आपल्या नळीला पटेल तो लॉट उचलला जातो. एअर रायफलीत पेलेटच्या (छर्ऱ्याच्या) डोक्याचे माप ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर असे वेगवेगळे मिळते आणि त्या शतांश मिलिमीटरचा फरक कागदावर दिसतो. मापाचा मुद्दा पहिल्या प्रतिसादात आलेलाच आहे. तो आमच्या खेळातही तितकाच खरा आहे.

माझा मुद्दा ग्रुप मोजण्याच्या पद्धतीबद्दल आहे. तीन बारांचा ग्रुप पाहून भार निवडणे हा नशिबाचा खेळ होय. एकाच भाराचे तीन-तीन बारांचे ग्रुप घेतल्यास एक सव्वा इंचाचा आणि एक चार इंचाचा येऊ शकतो, आणि माणूस सव्वा इंचाचा कागद भिंतीला लावून मोकळा होतो. दोन भारांची तुलना करायची असेल तर प्रत्येकाचे निदान दहा बार एकाच कागदावर घ्यावेत आणि तेही आलटूनपालटून, म्हणजे वारा, उजेड आणि तापलेली नळी यांचा परिणाम दोघांवर सारखाच होईल.

रायफल टेकवण्याची जागाही ठरलेली असावी. लिव्हर-ॲक्शनमध्ये मॅगझिनची नळी आणि तिचे पट्टे बॅरलला, म्हणजे रायफलीच्या नळीला, बांधलेले असतात. वाळूची पिशवी एकदा लाकडी फोरएंडखाली (पुढच्या हाताने धरण्याच्या भागाखाली) आणि एकदा मॅगझिनच्या नळीखाली गेली, की काडतूस तेच असूनही मारा सरकतो. पिशवी लाकडाखाली, चेंबरच्या जवळ आणि दरवेळी त्याच जागी ठेवावी. मॅगझिन भरलेले असताना आणि रिकामे होत असताना बॅरलवरील भार बदलतो, हेही विसरू नये. भाराची तुलना करताना मॅगझिनमध्ये एकावेळी एकच काडतूस घालून बार टाकावेत. मॅगझिन भरून मारा कुठे सरकतो, ते नंतर स्वतंत्रपणे पाहावे.

---

कोलंबसवासी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शिशाचा तुकडा नळीतून ढकलून पाहिला. मायक्रोमीटरवर ०.४३१२ इंच आले आणि तुकडा शेवटपर्यंत सारख्याच जोराने गेला. खूण पाव फेरी घेईपर्यंत सळई साडेनऊ इंच गेली, म्हणजे पीळ ३८ चा आहे. चेंबरलगत करडे पापुद्रे होतेच. शेवटच्या काडतुसांपैकी काहींची लांबी घटलेली आढळली, ती बाजूला काढून फोडली आहेत. आता ०.४३२ इंचांच्या, २४० ग्रेनच्या, गॅस चेक (बुडाला बसवलेली धातूची छोटी टोपी) असलेल्या चपट्या नाकाच्या गोळ्या मागवल्या आहेत. हाच भार रिव्हॉल्व्हरमध्येही वापरता येईल का, म्हणजे दोन वेगळे डबे सांभाळावे लागणार नाहीत?

---

शिसे_आणि_पितळ:

ते रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर अवलंबून आहे. प्रत्येक कप्प्याच्या पुढच्या तोंडाचे माप घ्यावे. ते ०.४३० च्या आसपास असेल तर ०.४३२ ची गोळी त्यातून पिळून जाईल, दाब वाढेल आणि काही कप्प्यांत तर काडतूस बसणारही नाही. तसे असल्यास दोन डबे ठेवणेच इष्ट. रायफलीच्या भारासाठी वेगळ्या कंपनीच्या केस वापराव्यात, म्हणजे बुडावरील ठसा पाहताच काडतूस कोणत्या हत्याराचे ते कळते, आणि डब्यावर गोळीचा व्यास, पावडरीचे नाव व वजन, प्रायमर आणि भरल्याची तारीख लिहावी. नवी गोळी आली की आधी नळीतील जुने शिसे ब्राँझच्या ब्रशने पूर्ण काढावे, छापील किमान भारापासून सुरुवात करावी, आणि तुलनेसाठी कारखान्याची ती तीन इंचांची काडतुसे त्याच दिवशी सोबत न्यावीत.